खडकापासून तिसरा

पात्मोस, २० जानेवारी १९९४

लाडके कालोतिना,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर बर्फ आहे, घरं आहेत, माणूस मात्र एकही नाही. पुढच्या वर्षी गाव पाठवशील तर वस्तीचं पाठव. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शेजारणीपेक्षा कमी.

फोन न करता पत्र का, ते तुला ठाऊकच आहे. फोन स्तामातियाच्या कॉफीच्या दुकानात. मी तो कानाला लावला की तिथे पत्ते खेळणारे सगळे पत्ते खाली ठेवतात. आणि ही गोष्ट इतक्यात त्यांच्या कानावर जायला नको आहे.

माझ्या नवऱ्याने, तुझ्या काकाने, सिनेमात काम केलं होतं, हे तू आईकडून ऐकलं असशील. १९७० च्या सप्टेंबरात इटलीची मंडळी इथे आली होती. आपल्या संत योहानाला जगाचा शेवट इथल्या गुहेत दिसला, म्हणून त्या प्रकटीकरणाचा सिनेमाही इथेच काढायचा, असं त्यांच्या डोक्यात होतं. शेवटी समुद्र आपल्या पोटातले मेलेले परत देतो ना, तो प्रसंग त्यांनी ग्रिकोसच्या किनाऱ्यावर घेतला. मेलेले व्हायला गावातलं कोणी तयार होईना. मेल्याचं सोंग घेतलं तर ते अंगाला चिकटतं, असं आपल्याकडे म्हणतात. काही माणसं त्यांनी इटलीहून आणली होती, काही इथे गोळा केली, आणि तुझा काका थेओलोगोस हसत हसत गेला. दीड वर्षाने त्याची होडी लिप्सीच्या बाजूला उलटी सापडली. तो सापडला नाही.

आता मुद्द्याचं. दर रविवारी मी चर्चला पाव नेते आणि पावाबरोबर नावांची चिठ्ठी. एका बाजूला जिवंत, दुसऱ्या बाजूला गेलेले. तुझं आणि तुझ्या आईचं नाव जिवंतांत, माझ्या आईबापाचं पलीकडे. तुझ्या काकाचं नाव मी आजवर जिवंतांच्या बाजूला लिहीत आले. जुने पाद्रीबाबा आंतिपास ते वाचायचे, वाचताना जरा घसा खाकरायचे, बस्स. पण ते गेले. नवे पाद्रीबाबा मेथोदियोस तरुण आहेत. परवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोस्कूलाबाई, हा थेओलोगोस राहतो कुठे?" मी म्हटलं, "समुद्रात." ते दाढी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. पण जूनमधल्या आत्म्यांच्या शनिवारी, सगळ्या गेलेल्यांची नावं वाचतो तेव्हा, मला सांगा, त्याला कुठल्या बाजूला वाचू. तोवर मी त्याला वाचू शकत नाही."

म्हणजे आता तो कुठेच नाही, कालोतिना. ना इकडे, ना तिकडे.

मला तो सिनेमा पाहायचा आहे. त्या दिवशी ग्रिकोसला मी किनाऱ्यावरच्या एका खडकावर बसून त्याला समुद्रात शिरताना पाहिलं. बाहेर येताना पाहिलं नाही. ते फक्त त्या सिनेमात आहे. संध्याकाळी तो घरी आला, मासळीचं सूप प्यायला, ते वेगळं. समुद्रातून बाहेर येताना मला त्याला एकदा पाहायचं आहे. मग मी ठरवीन.

तुझं दुकान कॅसेटींचं. तो सिनेमा कुठे मिळेल, कुठे दाखवतात, तू शोध. नाव काय ठेवलं ते इथे कोणाला आठवत नाही. दिग्दर्शकाला आम्ही टोपीवाला म्हणायचो.

तुझी मावशी,
मोस्कूला


अथेन्स, ३ फेब्रुवारी १९९४

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना वाचलं, आणि त्याला विनोदी सिनेमाऐवजी भुताचा दिला. तो अजून परत आलेला नाही.

आधी आईचं ऐक. ती म्हणाली, "मोस्कूलाला सिनेमा नको, झोप पाहिजे. तिच्या नादी लागू नकोस." आता माझं ऐक. मी लागले आहे.

जगाच्या शेवटावर किती सिनेमे निघाले आहेत, तुला कल्पना नाही. एक अमेरिकेचा आहे, दोन कॅसेटींचा, तो माझ्याच दुकानात धूळ खात पडला होता. त्यात सात डोक्यांचं जनावर समुद्रातून वर येतं. जनावर रबराचं आहे आणि एक डोकं सारखं मागे पडतं. आमच्या पातिसियोन रस्त्यावरच्या सिनेमा मंडळात एक जुना मुका सिनेमा दर वसंतात दाखवतात, पियानो वाजवायला एक बाई बसते. त्यात चार घोडेस्वार आहेत, पण समुद्रच नाही. तिसरा एका वाहिनीवर दर वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात लागतो. त्यातला योहान गुहेत राहतो आणि केस मात्र न्हाव्याकडून आत्ताच करून आल्यासारखे. तो कुठल्या तरी वाळवंटात काढलाय, तुमच्या बेटावर इतकं सपाट काही नाही. पिरेअसमधल्या एका दुकानात चौथा मिळाला, रशियन, हाताने काढलेल्या चित्रांचा. त्यात देवदूत फार सुंदर आहेत आणि माणसं जवळजवळ नाहीतच. तुला माणूस पाहायचाय, म्हणून तोही बाद.

इटालियन शोधते आहे. नाव कळलं की निम्मं काम झालं. तू मला एवढं सांग, काकाला ओळखायचं कसं? तो गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला फक्त त्याच्या कोटाचा डांबराचा वास आठवतो, आणि वास कॅसेटमध्ये येत नाही.

तुझी,
कालोतिना


पात्मोस, २० फेब्रुवारी १९९४

कालोतिना,

तुझ्या आईला सांग, मी झोपते. झोपण्यातच सगळी कटकट आहे.

स्वप्नात तो रोज ग्रिकोसच्या किनाऱ्यावर असतो. माझ्याकडे तोंड करून उभा. मग तसाच लांब जायला लागतो, तोंड माझ्याकडेच. गुडघ्याएवढं पाणी, कमरेएवढं, छातीएवढं. हाक मारायला मी तोंड उघडते आणि तोंडात पीठ असतं, कोरडं पीठ. जाग येते तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली असते.

पीठ का, ते मला कळतं. तो ज्या सकाळी खरोखर गेला, तेव्हा मी कणीक मळत होते. "येतो गं," म्हणाला. मी मान वर केली नाही. हात पिठात होते, आणि त्याच्या जाण्यात पाहण्यासारखं काय होतं? रोजच जायचा. माझ्या नवऱ्याचं जाणं मी पाहिलंच नाही, कालोतिना. सिनेमासाठी गेला तेवढंच पाहिलं.

घरात समुद्राच्या बाजूला एकच खिडकी आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसते. त्याच्या सपाता मागच्या दाराशी आहेत. दार मी कडी न लावता ठेवते. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती पुढच्या बोटीने येईल आणि माझं घर धुऊन काढेल.

ओळखायचं कसं, ते सांगते. त्यांच्या तोंडाला चुना फासला होता आणि डोक्यावर शेवाळ घातलं होतं, तेव्हा तोंडाकडे पाहू नकोस. ग्रिकोसला पाण्यात एक मोठा काळा खडक आहे, तुला आठवेल, लहानपणी तू त्यावरून पडली होतीस. त्या खडकापासून माणसं मोज. तिसरा तो. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, वल्ह्यामुळे. आणखी खूण काय सांगू? बावीस वर्षांनी नवऱ्याच्या खुणा सांगायच्या म्हणजे पोलिसात तक्रार दिल्यासारखं वाटतं.

पाद्रीबाबा रस्त्यात भेटले की आता मी दुसऱ्या बाजूने जाते. वाईट नाहीत ते. त्यांनाही अवघड जातं, दिसतं मला.

मावशी


अथेन्स, १८ एप्रिल १९९४

मावशी, मावशी,

सापडला! नावात ना पात्मोस आहे ना योहान, म्हणून इतके दिवस हाती लागत नव्हता. काढणारी कंपनी बुडाली, सिनेमा चार आठवडे चालला, आणि नंतर कोणी विचारलं नाही. पण गंमत ऐक. पवित्र आठवड्यात वाहिन्यांना धार्मिक काहीही चालतं, तसा तो कोणीतरी गोदामातून उकरून काढलाय. येत्या पवित्र बुधवारी, दुपारी तीन वाजता. स्तामातियाच्या दुकानातला टीव्ही चालतो ना? तिला सांग, अँटेना सरळ कर.

मीही इथे पाहीन. म्हणजे आपण दोघी एकाच वेळी पाहत असू.

तुझी कालोतिना


पात्मोस, ४ मे १९९४

कालोतिना,

ख्रिस्त उठला. मी पाठवलेली ईस्टरची लाल अंडी फुटली नाहीत ना वाटेत?

तू पाहिलंसच, मग मी काय लिहू? पण तू तिथे एकटी होतीस आणि इथे अर्धं गाव होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. अँटेना सरळ करायला गच्चीवर माणूस चढला आणि बोभाटा झाला. खुर्च्या कमी पडल्या. पाद्रीबाबा मेथोदियोससुद्धा येऊन दाराशी उभे राहिले, आत मात्र आले नाहीत.

सिनेमा सुरू झाला आणि सगळे ओरडायला लागले. "ही बघ आमची भिंत!" "हे माझं गाढव!" गाढवाचा मालक रडला, खरंच, कारण ते गाढव फार गुणी होतं. मग कर्णे वाजले, ग्रिकोसचं पाणी दिसलं, काळा खडक दिसला. पाण्यात धूर, पाण्यात एक भोवरा, भोवऱ्यात एक डोकं, फक्त शेवाळ, त्याच्याखाली कपाळ वर यायला लागलं, आणि लगेच सोन्याचं शहर आलं! सोन्याच्या भिंती, सोन्याची फाटकं, गाणारी पोरं. मेलेल्यांना कापून टाकलं, कालोतिना. लहान मुलं घाबरतील म्हणून की वेळ कमी म्हणून, कोण जाणे.

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं. स्तामातियाने माझ्यासमोर कॉफी ठेवली, आणि तिला साखर घालायचंसुद्धा सुचलं नाही.

दाराशी पाद्रीबाबा म्हणाले, "जून लांब आहे अजून." मी म्हटलं, "समुद्र जवळ आहे." उगाच बोलले. त्यांचा काय दोष?

पुरे आता. शोधू नकोस. तुझी आई म्हणते तेच खरं असेल.

मावशी


अथेन्स, ४ जून १९९४

प्रिय मावशी,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू मला शिव्या घातल्या असशील. घाल. मी शोधणं थांबवलं नव्हतं.

आमच्याकडे सारांदिस नावाचं एक गिऱ्हाईक आहे, ट्रक चालवतो, पात्राहून बोटीने इटलीत बारीला जातो आणि संत्री टाकून फरशा घेऊन येतो. त्याला मी सांगितलं होतं. बारीच्या एका जुन्या दुकानातून त्याने पूर्ण सिनेमाची कॅसेट आणली, न कापलेली. ती गेल्या महिन्यात वीस तारखेलाच माझ्या हातात आली. पंधरा दिवस मी तुला काय लिहावं या विचारात होते. खोटं लिहून टाकावं असंही मनात आलं. पण तू ते पहिल्या ओळीतच पकडलं असतंस.

भर दुपारी शटर ओढून एकटीने पाहिला. तो प्रसंग पूर्ण आहे. मावशी, मी धंद्यासाठी भुताखेताचे किती सिनेमे पाहिलेत, कधी पापणी हलली नाही. हा पाहताना मी उठून दुकानातले सगळे दिवे लावले.

आधी डोकी वर येतात, मग खांदे. पाणी त्यांच्याभोवती फुटत नाही, मिटतं. थेंब समुद्रातून उडतात आणि त्यांच्या अंगाला जाऊन चिकटतात. कमरेपर्यंत येतात तेव्हाच वरचे कपडे कोरडे, आणि वाळूवर येतात तेव्हा पायसुद्धा ठणठणीत कोरडे. आणि वाळूवर त्यांची पावलं आधीच उमटलेली असतात, त्यांची वाट पाहत. ते त्यांच्यावर पाय ठेवतात, उचलतात, आणि पाऊल पुसलं जातं. शेवटी वाळूवर काही उरत नाही. कोणी आलंच नाही अशी.

खडकापासून तिसरा माणूस मी पाहिला. उजवा खांदा खाली आहे. तो सरळ समोर येतो, कोरडा, चुना फासलेला, आणि पाण्याबाहेर आल्यावर हात उचलून क्रूस करतो, घाईघाईने, तीनदा. मी ती फीत पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मावशी, तो डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो. कॅथलिकांसारखा; आपण उजव्यावरून डाव्यावर जातो. आपल्याकडे दारू पिऊन तर्र झालेला माणूससुद्धा असं करणार नाही.

तो काका नाही. इटलीहून आणलेला कोणीतरी होता. त्याचाही खांदा खाली असेल, वल्ही काय तिथे नाहीत? त्या दिवशी त्यांनी बायकांना लांब बसवलं असेल, चुना, धूर, सगळे सारखे दिसणारे. तुझी मोजायला चूक झाली असेल. काका दुसरा असेल, चौथा असेल, पण मी बाकीच्यांकडे पाहिलं आणि मला कोणीच आपलं वाटलं नाही.

मला फार वाईट वाटतंय. 'आई म्हणाली नव्हती का' असं मला लिहू नकोस.

तुझी
कालोतिना


पात्मोस, ९ जून १९९४

गाढवे,

तुझं पत्र मी धक्क्यावरच उघडलं आणि तिथल्या दोरांच्या ढिगावर मटकन बसले. बंदरातल्या पोलिसाने पाणी आणून दिलं. आधी एक वाक्य वाचून रडले, मग तेच वाक्य वाचून हसले. पोलीस घाबरून निघून गेला.

पहिल्या पत्रात मी तुला काय लिहिलं होतं? समुद्रात शिरताना पाहिलं, बाहेर येताना पाहिलं नाही. तू पत्र वाचतेस की नुसतं चाळतेस?

अगं, ते कोणी बाहेर येत नव्हते. टोपीवाल्याने सगळ्यांना किनाऱ्याकडे तोंड करून उभं केलं आणि उलट्या पावलांनी पाण्यात जायला लावलं, डोकं बुडेपर्यंत. दुभाष्याने सगळ्यांना समजावलं होतं की इटलीत गेल्यावर फीत उलटी फिरवणार, म्हणजे मेलेले कोरडे बाहेर येतील. मी खडकावर बसून पाहत होते. तो माझ्याकडे तोंड करून आत गेला. माझं स्वप्न तेच, एवढ्यात विसरलीस? आणि तुझ्या वाळूवरची पावलं! मेलेल्यांची नाहीत ती, जाणाऱ्यांची आहेत. इतकी वर्षं फिती विकतेस आणि तुला उलटी फीत कळली नाही. दिवे कसले लावतेस!

आता क्रूसाचं. पाण्यात पाऊल टाकायच्या आधी तो क्रूस करायचा, तीनदा. होडीत चढताना, पोहताना, नुसते पाय धुतानासुद्धा. त्या दिवशीही केला. टोपीवाला ओरडला, मेलेली माणसं क्रूस करत नाहीत! दुभाष्याने सांगितलं. तुझा काका म्हणाला, "मरण तुमचं खोटं असेल, समुद्र खरा आहे." सगळे हसले. टोपीवाल्यालाही हसू आलं आणि त्याने ते तसंच ठेवलं.

उजव्या खांद्यावरून डाव्यावर जाणाऱ्या हाताची फीत उलटी फिरव, कालोतिना. हात कुठून कुठे जाईल?

तो तोच आहे. तो त्याचाच हात आहे.

कॅसेट लगेच पाठव. आत्म्यांचा शनिवार अठरा तारखेला आहे. आणि हा सारांदिस कोण? फरशा आणणाऱ्या माणसाला कोणी आपल्या मावशीची सगळी हकिगत सांगत नाही.

मावशी


अथेन्स, १३ जून १९९४

मावशी,

मी खरंच गाढव आहे. दुकानात रोज लोक येऊन सांगतात, फीत मागे घेऊन द्या, आणि मी रोज देते.

कॅसेट सोबत आहे. उद्याच्या बोटीवरच्या आचाऱ्याकडे देतेय, सारांदिसचा मित्र आहे, तो स्वतः स्तामातियाकडे पोचवेल. तिच्या दुकानातल्या यंत्रावर डावीकडे दोन बाणांचं बटण असतं. सिनेमा चालू असताना ते दाबलं की चित्र उलटं जातं. वरखाली पांढऱ्या रेघा येतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मी नेहमी थांबवूनच मागे घेते; चालू चित्रावर तसं करून पाहिलेलं नाही. बोट त्या बटणावर होतं आणि मी काढून घेतलं. ते पहिल्यांदा तू पाहायचंस.

सारांदिस हा एक ट्रकवाला आहे. एवढंच.

कालोतिना


पात्मोस, १९ जून १९९४, पेंटेकॉस्टचा रविवार

लाडके कालोतिना,

कॅसेट बुधवारी आली. या वेळी मी शहाणी झाले. गुरुवारी सकाळी स्तामातियाने दार लावलं, पत्तेवाल्यांना बाहेर काढलं आणि स्वतःही स्वयंपाकघरात गेली. दार थोडं उघडं ठेवलं तिने, मला दिसलं. ठेवू दे. तीही त्याला ओळखत होती, तोही तिच्याकडे उधारीवर कॉफी प्यायचा.

सिनेमा लागला. तो आला.

समुद्रातून बाहेर आला, कालोतिना. कपाळ, डोळे, खांदा. तू लिहिलंस तसंच, थेंब उडून त्याच्या अंगावर बसत होते. बावीस वर्षं मी या क्षणाची वाट पाहिली. दिवसा पाठ फिरवून पाहिली, रात्री झोपेत पाहिली. आता आनंदाने उडी मारायची, एवढंच बाकी होतं. पण मला भीती वाटली. तुला दिवे लावावेसे वाटले ना, तशी. तो माझ्याकडे चालत आला आणि मला मागे सरकावंसं वाटलं. चालणं त्याचं नव्हतं. पाय ठेवत होता तिथली खूण पुसली जात होती. किनाऱ्यावर पोचला तेव्हा इतका कोरडा होता, जणू समुद्राला तो कधी शिवलाच नव्हता. मग त्याने हात उचलला, डाव्या खांद्यावरून उजव्यावर, आणि एका परक्या माणसाने आपल्याला दारात उभं राहून हाक मारावी, तसं मला झालं.

बाहेर येणारा तो माझा नव्हता. मी कोणाची वाट पाहत होते, ते मला त्या दिवशी दिसलं. येईल तर असाच येईल, आणि असा मला नको आहे.

मग मी दोन बाणांचं बटण दाबलं.

पांढऱ्या रेघा आल्या. त्या रेघांमागे तो उभा होता, ग्रिकोसच्या वाळूवर, माझ्यासमोर. हात उचलला. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. तीनदा. माझा थेओलोगोस. मग तो मागे जायला लागला, तोंड माझ्याकडे. त्याच्या प्रत्येक पावलाची खूण वाळूवर राहत होती. गुडघे, कमर, छाती. मी त्याच्याकडे पाहत राहिले, एकदाही मान खाली घातली नाही. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "जा रे." मग फक्त शेवाळ राहिलं, मग पाणी.

पावलं राहिली, कालोतिना. शेवटपर्यंत होती ती वाळूवर.

स्वयंपाकघरात स्तामातिया हमसून हमसून रडत होती. मी तिला म्हटलं, आता तरी साखर घाल कॉफीत.

शुक्रवारी मी गेलेल्यांसाठी चर्चला नेतात तसे गहू उकडले. त्याच्या नावाने पहिल्यांदाच. डाळिंब या दिवसांत मिळत नाही, म्हणून मनुका आणि बदाम घातले, वर साखर दाबून बसवली आणि क्रूस काढला. चव बघितली, चांगले झाले. त्याच्या सपाता मी धुऊन वाळवल्या आणि गाढवाच्या मालकाला दिल्या, त्याच्या मापाच्या आहेत. मागच्या दाराला रात्री कडी लावली. पहिल्यांदा झोप लागली नाही, कडी लावलेल्या घरात झोपायची सवय गेलीय. मग लागली, आणि स्वप्न पडलं नाही.

शनिवारी पावाबरोबर चिठ्ठी दिली. पाद्रीबाबांनी ती उलटून पाहिली, दुसऱ्या बाजूचं नाव पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटायचं मी त्यांच्यावर रागावले आहे. तेवढ्यात तोही राग गेला.

मग ते गेलेल्यांची नावं वाचायला लागले. आणि आता आपल्या बेटाची खोड तुला माहीत आहे. आपल्या संत योहानालाच थेओलोगोस म्हणतात, म्हणून दर घरात एक थेओलोगोस. आत्म्यांच्या शनिवारी सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या एकदम. पाद्रीबाबा वाचायला लागले, "थेओलोगोस, इरीनी, थेओलोगोस, थेओलोगोस, मारकेला, थेओलोगोस..." थांबेनातच. त्यातला माझा कुठला, ते कळायला मार्ग नव्हता. बावीस वर्षांनी त्याचं नाव त्या बाजूला वाचलं जात होतं आणि मला ते ओळखू येईना!

म्हणून मी प्रत्येक थेओलोगोसला क्रूस केला. उजव्या खांद्यावरून डाव्यावर. हात भरून आला, पण एकही सोडला नाही.

जिवंतांच्या बाजूला तुझ्या नावाखाली मी सारांदिस असं लिहिलं आहे. आता पाद्रीबाबा दर रविवारी त्याला वाचतील, तेव्हा जपून ट्रक चालवायला सांग.

तुझी मावशी,
मोस्कूला